थिनर उडून जातं कुठे? : टोल्युईन मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून वही सुरू. सरांनी विषय पक्का केला: टोल्युईन, झायलीन, बेन्झीन ही अ‍ॅरोमॅटिक मंडळी उन्हात हवेत आली की त्यांचं पुढे काय होतं, आणि त्यातून ओझोन आणि सूक्ष्म कण किती तयार होतात, याचं बॉक्स मॉडेल. बॉक्स म्हणजे खरोखर पेटीच. हवेचा एक डबा डोळ्यांसमोर आणायचा, आत सगळं नीट ढवळलेलं, वरून ऊन. सुरुवातीला आत काय किती आहे आणि कोणाची कोणाशी किती वेगाने गाठ पडते एवढं सांगितलं की दिवसभराचा हिशेब संगणक मांडतो.

विषय मीच मागून घेतला आहे. अण्णांचं इचलकरंजीत गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. लहानपणी शाळेतून थेट तिकडे जायचे. रंगात थिनर ओतलं जायचं, फवारा मारला जायचा, आणि संध्याकाळी पत्र्यावर फक्त रंग उरलेला असायचा. एकदा विचारलं होतं, "अण्णा, थिनर कुठं गेलं?" ते म्हणाले, "उडून गेलं." तेव्हा तेवढं पुरलं. आता पुरत नाही. उडून गेलं म्हणजे डब्यातून हवेत गेलं. हवेतून कुठे गेलं?

पहिला हिशेब कागदावरच केला. दिवसा हवेत हायड्रॉक्सिल रॅडिकल असतो, ओएच; रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असलेला, भेटेल त्याला भिडणारा तुकडा. हवेतला खरा झाडूवाला हाच. दुपारी घन सेंटिमीटरमध्ये साधारण वीस लाख ओएच धरले तर बेन्झीन पाच दिवस टिकतं, टोल्युईन एक दिवस, मेटा-झायलीन सहा तास, आणि १,३,५-ट्रायमिथाइलबेन्झीन जेमतेम अडीच तास. कडं तेच, सहा कार्बनचं. त्याला मिथाइलचे (एकेका कार्बनचे) गट लागत जातात तसा ओएच त्याच्यावर जास्त वेगाने तुटून पडतो.

९ जानेवारी

एमसीएम उतरवून घेतलं. मास्टर केमिकल मेकॅनिझम, म्हणजे हवेतल्या अभिक्रियांची तपशीलवार यादी. लीड्समध्ये घडलं, आता यॉर्क विद्यापीठाच्या साइटवर आहे. १४३ सेंद्रिय वायू, सुमारे ६,७०० पदार्थ, १७,००० च्या आसपास अभिक्रिया. मी त्यातला फक्त टोल्युईनचा फाटा आणि अजैविक भाग काढून घेतला. तरी फाइल उघडली तेव्हा थोडी धडकी भरली.

पहिला रन रात्री लावला, सकाळी पाहते तर मॉडेलच्या घड्याळात पाव तासही झालेला नव्हता. चूक पद्धतीची. मी समीकरणं पायरीपायरीने सोडवायची साधी रुंगे-कुट्टा पद्धत वापरली होती. इथे ओएचचं आयुष्य एका सेकंदाहूनही कमी आणि टोल्युईनचं दिवसभराचं. एकाच गाडीला घोडा आणि गोगलगाय जुंपल्यासारखं. साधी पद्धत घोड्याच्या टापा मोजत बसते. बीडीएफ ही अशा विषम वेगांसाठीची पद्धत लावल्यावर दोन दिवसांचा रन चहा होईपर्यंत संपला.

ओझोनचं मूळ इथे लिहून ठेवते, कारण पुढे वारंवार लागणार. एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) उन्हात फुटतो, एनओ (नायट्रिक ऑक्साइड) आणि सुटा ऑक्सिजन अणू निघतो, तो अणू ऑक्सिजनला चिकटून ओझोन होतो. तोच ओझोन एनओला भेटला की पुन्हा एनओटू. घेतलं तेवढं परत, शिल्लक काही नाही. सूर्य अगदी डोक्यावर असताना एक एनओटू रेणू सरासरी दोन मिनिटांच्या आत फुटतो, म्हणजे हा फेरा अखंड चालू असतो. टोल्युईनसारख्यांना ऑक्सिजन चिकटून झालेले पेरॉक्सी रॅडिकल मधे पडतात आणि एनओचा एनओटू *ओझोन न वापरता* करतात. त्या प्रत्येक वेळी एक ओझोन जास्तीचा उरतो. शहरातला दुपारचा ओझोन म्हणजे ही शिल्लक.

१४ जानेवारी, संक्रांत

घरी आले. तिळगूळ झाल्यावर अण्णांबरोबर गॅरेजवर. त्यांना चार ओळींत समजावून सांगायचं होतं, मग वासांवरून सांगितलं.

थिनरच्या डब्याचं झाकण उघडलं. हा गोडसर, डोक्यात जाणारा वास, यात टोल्युईन. शंभर रेणू उन्हात सोडले तर एमसीएमच्या हिशेबात सात जणांचा मिथाइल गट आधी धरला जातो आणि त्यातून मुख्यतः बेन्झाल्डिहाइड होतं. त्याला कडू बदामाचा वास, बदामाच्या इसेन्समध्ये असतो तोच. अठरा जणांचं क्रेसॉल होतं. क्रेसॉलचा वास अण्णांना लगेच कळला: काळं फिनेल. सरकारी दवाखान्याची फरशी.

"म्हंजे सात न् अठरा, पंचवीस झालं," अण्णा म्हणाले. "पंचाहत्तर कुठं हैत?"

नेमकं तेच. उरलेल्या पंचाहत्तरांत दहा जण इपॉक्साइडच्या वाटेने जातात आणि पासष्ट जण एका विचित्र रॅडिकलच्या. त्या रॅडिकलमध्ये ऑक्सिजनचा पूल कड्याच्या आरपार बसतो आणि शेवटी कडंच फुटतं. मग सात कार्बनच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात: ग्लायॉक्झाल आणि पाच कार्बनचा जोडीदार, किंवा मिथाइलग्लायॉक्झाल आणि चार कार्बनचा जोडीदार. त्या तुकड्यांचा वास मला माहीत नाही. अण्णांनाही नाही. पण ऊन लागलं की नवे रॅडिकल सोडणारे आणि कणांमध्ये शिरणारे बरेचसे पदार्थ इथूनच निघतात.

येताना थिनरची छोटी बाटली भरून घेतली. डब्यावर घटक छापलेले नाहीत. अण्णांचे हात अजूनही थिनरनेच धुतले जातात. मास्कबद्दल मी यावेळीही बोलले, यावेळी जरा जोरात बोलले.

२० जानेवारी

थिनर विभागाच्या जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, चालवलं. सगळ्यात उंच शिखर टोल्युईनचं, मागे झायलीनचा घोळका. अडचण: मेटा आणि पॅरा-झायलीन आमच्या कॉलममधून एकत्रच बाहेर पडतात, दोघांचं एकच शिखर. दोघांत फरक फक्त मिथाइल गटांच्या जागेचा. वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल, पण मेटाचा ओएचशी वेग पॅराच्या दीडपटीहून जास्त आहे. शिखर एक, आणि त्यात कोण किती यावर पुढचा ओझोन ठरणार. तूर्त दोन टोकं धरून दोन रन करायचे.

२३ जानेवारी

कार्बनची खतावणी सुरू केली. कल्पना अण्णांच्या उधारीच्या वहीवरून. शंभर रेणू टोल्युईन म्हणजे सातशे कार्बन जमा. कोणत्याही क्षणी डब्यातल्या प्रत्येक पदार्थाची संख्या गुणिले त्यातले कार्बन, सगळ्यांची बेरीज सातशेच आली पाहिजे. पहिल्या पायरीला जुळतं: बेन्झाल्डिहाइडच्या वाटेला ४९, क्रेसॉलला १२६, इपॉक्साइडला ७०, त्या पुलाच्या रॅडिकलला ४५५. सातशे.

पण मॉडेल पुढे सरकलं की बेरीज घटत जाते. सकाळी सातशे, दुपारी कमी, संध्याकाळी आणखी कमी. डब्याला कुठेतरी भोक आहे.

२४, २५, २७ जानेवारी

भोक शोधते आहे. पदार्थांमधल्या कार्बनची संख्या नावांवरून लावली होती, ती हाताने तपासली. दोन चुका सापडल्या, दोन्ही माझ्या. त्या दुरुस्त करूनही गळती चालूच.

३० जानेवारी

सापडलं. चूक नाही, पद्धत आहे. एमसीएममध्ये असिल पेरॉक्सी रॅडिकल एनओला भेटला की उजवीकडे एनओटू आणि एक कार्बन कमी असलेला रॅडिकल लिहितात. मधला कार्बन डायऑक्साइड लिहीतच नाहीत, कारण तो पुढे कोणाशी काही करत नाही. रसायनाच्या दृष्टीने बरोबर. हिशेबनीसाच्या दृष्टीने मात्र पैसे दिले आणि पावती नाही.

अशा सगळ्या ओळी काढल्या आणि उजवीकडे स्वतःचा कार्बन डायऑक्साइडचा रकाना जोडला. बेरीज सातशे आली. दिवसभर सातशेच राहिली. सात दिवस गेले, पण आता कुठलाही आलेख दाखवला तरी त्याच्या खाली मला सातशे दिसतात, आणि ती खात्री मला मोठी वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

पुण्याच्या हवेचा डबा तयार करायला घेतला. प्रकाशविघटनाचे (उन्हाने रेणू फुटण्याचे) वेग सूर्याच्या कोनावरून निघतात, म्हणून सूर्य नीट बसवणं पहिलं. ग्रिनिचची वेळ आणि आपली वेळ यातला साडेपाच तासांचा फरक मी घातला होता आणि निश्चिंत होते. सर आलेख पाहून एवढंच म्हणाले, "तुझा सूर्य बरोबर बाराला माथ्यावर येतोय. गच्चीवर जाऊन बघ एकदा."

आज हॉस्टेलच्या गच्चीवर एक मीटरची सरळ काठी बादलीतल्या वाळूत उभी केली. ओळंबा लावून. साडेबारापासून दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सावली कमी होत होत १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास सगळ्यात आखूड झाली, पासष्ट सेंटिमीटर, आणि मग पुन्हा वाढायला लागली. खडूच्या खुणांची रेघ डोळ्यांसमोर वळली.

कारण साधं आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, पुणे ७३.८६ वर. अंशाला चार मिनिटं, म्हणजे पस्तीस मिनिटांचा उशीर इथेच. वर फेब्रुवारीत पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे सूर्य आणखी चौदा मिनिटं मागे असतो. मी दोन्ही विसरले होते. पाऊण तासाने पुढे असलेला सूर्य म्हणजे सकाळच्या ट्रॅफिकवर चुकीचं ऊन, आणि ओझोनची वाढ सगळी चुकीच्या तासाला.

कोड दुरुस्त केला. बारा एकोणपन्नास. सावलीवरून कोन ३३ अंश, कोडमधूनही ३३. त्या कोनाला एनओटूचं विघटन सेकंदाला ०.००८१. खडूच्या खुणांचा फोटो वहीत चिकटवला आहे.

१८ फेब्रुवारी

पुण्याचा डबा बाजूला ठेवून आधी परीक्षा. खऱ्या हवेत इतक्या गोष्टी एकदम चालतात की चूक कोणाची ते कळत नाही. म्हणून चेंबर. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ युफोर नावाचं चेंबर आहे: प्रत्येकी दोनशे घनमीटरचे दोन अर्धगोल तंबू, टेफ्लॉनच्या जातीच्या पातळ फिल्मचे, वर पोलादी झाकण. अंधारात टोल्युईन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं आत सोडतात, मग झाकण उघडतं आणि खऱ्या उन्हात प्रयोग सुरू होतो. हवा किती पातळ होत जाते हे कळावं म्हणून कशाशीच न जुळणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड थोडा सोडलेला असतो.

फिल्ममुळे कमी होणारं ऊन, हवेचं पातळ होणं, भिंतीवर जाणारा ओझोन आणि एनओटू, भिंतीतून उन्हात निघणारं नायट्रस आम्ल, हे सगळं जोडून रन केला.

निकाल: मॉडेलचा ओझोन मोजलेल्यापेक्षा बराच वर. टोल्युईन मात्र मॉडेलमध्ये हळू संपतं.

हे दोन्ही एकत्र कसं? टोल्युईन हळू संपतं म्हणजे माझ्या डब्यात ओएच कमी पडतो. ओएच कमी तर ओझोनही कमी हवा. तो जास्त आहे.

२१ फेब्रुवारी

एनओटू भिंतीला चिकटण्याचा वेग तिप्पट केला. ओझोनची रेघ मोजलेल्या ठिपक्यांवर जवळजवळ बसली. रात्री अकराला आलेख सरांना पाठवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सरांनी आलेख पाहिला, "छान" म्हणाले, आणि विचारलं, "टोल्युईनची रेघ कुठाय?"

ती मी पाठवली नव्हती. उघडली. आधीपेक्षा वाईट. एनओटू भिंतीवर घालवला म्हणून ओझोन उतरला, ओझोन उतरला म्हणून त्यातून येणारे रॅडिकल उतरले, आणि टोल्युईन आणखीच रेंगाळलं. एक रेघ जुळवायला मी दुसरी मोडली होती. शिवाय भिंतीचा तो वेग चेंबरच्या लोकांनी रिकाम्या चेंबरमध्ये स्वतंत्रपणे मोजलेला असतो. तो तिप्पट करायचा मला अधिकार नव्हता.

सर रागावले नाहीत. त्यांनी २००५ सालचा पेपर समोर ठेवला. युफोरच्याच प्रयोगांवर एमसीएम ताडून पाहिलेला. त्यात हेच: ओझोन जास्त, ओएच कमी. ज्यांनी मेकॅनिझम बांधलं त्यांनीच स्वतःच्या बांधकामातली फट अशी उघडी करून दाखवली आहे. मला त्या पेपरबद्दल फार आदर वाटला. नंतरच्या आवृत्तीतही टोल्युईनची ही गाठ पूर्ण सुटलेली नाही, हे माझा रन सांगतो.

तिप्पट काढून टाकलं. जुळणारा आलेख वहीत ठेवला आहे, वर लाल शाईने "चुकीच्या कारणाने बरोबर" असं लिहून.

५ मार्च

गेले नऊ दिवस वाचन. नोंदवण्यासारखं:

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या विल्यम कार्टर यांनी सॅप्रॅक नावाचं मेकॅनिझम केलं. त्यांनी वेगळा रस्ता धरला. कडं फुटल्यावर नेमकं काय काय होतं ते पूर्ण कळलेलं नाही, हे मान्य करून त्यांनी काही पदार्थ प्रातिनिधिक धरले आणि त्यांचे उतारे (किती टक्के तयार होतात ते) चेंबरच्या मोजमापांना बसतील असे लावले. हे मी २१ तारखेला केलं तसंच दिसतं, पण तसं नाही. त्यांनी काय लावून घेतलं आहे ते उघड लिहिलं आणि एका नव्हे, अनेक प्रयोगांवर एकदम पारखलं. त्या मेकॅनिझमच्या जोरावर प्रत्येक वायूला एक आकडा मिळतो: एक ग्रॅम हवेत सोडला तर जास्तीत जास्त किती ग्रॅम ओझोन. बेन्झीन ०.७२, टोल्युईन ४.००, पॅरा-झायलीन ५.८४, मेटा-झायलीन ९.७५. कॅलिफोर्नियात स्प्रेच्या डब्यातल्या रंगांचे नियम या आकड्यांवर बेतलेले आहेत. किती किलो उडालं यापेक्षा काय उडालं हे तिथे आधी बघतात. अण्णांच्या धंद्याशी इतका थेट लागू होणारा कायदा मी याआधी वाचला नव्हता.

आता गाभ्याची गोष्ट. ग्लायॉक्झाल मोजणाऱ्यांत एकमत नाही, टोल्युईनपासून कोणाला २६ टक्के मिळतं, कोणाला ३९. पण त्याहून मोठा प्रश्न जोडीदाराचा. कडं दोन तुकड्यांत फुटत असेल तर जितके ग्लायॉक्झाल तितकेच पाच कार्बनवाले सापडायला हवेत. प्रयोगांत ते फार कमी सापडतात. मिथाइलग्लायॉक्झालच्या जोडीदाराचंही तेच. एक तर ते इतक्या झटपट पुढे जातात की मोजायला हाती लागत नाहीत, किंवा भिंतीला चिकटतात, किंवा कडं आपण समजतो तसं दोन तुकड्यांत फुटतच नाही, काही रॅडिकल आतल्या आत ऑक्सिजन घेत घेत जड होत जातात. या शेवटच्या वाटेचे पुरावे गेल्या काही वर्षांत वाढत आहेत.

माझ्या खतावणीत सातशे जुळतात, कारण मॉडेलने जोडीदार कागदावर लिहिलेला आहे. हवेत तो आहे का, हे खतावणी सांगू शकत नाही. जानेवारीतली माझी खात्री इथे अपुरी पडते.

१४ मार्च

धुळवड. काम नाही. रंग उतरवायला शेजारच्या मुलाने थिनर मागितलं, नाही म्हणाले आणि खोबरेल दिलं.

२२ मार्च

पुन्हा पुण्याचा डबा. उंची ५६० मीटर, म्हणजे दाब कमी. एक पीपीबी (अब्जात एक भाग) म्हणजे घन सेंटिमीटरला २.३ गुणिले दहाचा दहावा घात इतके रेणू. समुद्रसपाटीचा आकडा वापरला असता तर सगळंच सात टक्के फुगलं असतं.

मोजलेली हवा माझ्याकडे नाही, म्हणून खुलेपणाने मानून घेतलेली: टोल्युईन १० पीपीबी, झायलीन ३ (सगळं मेटा धरून), बेन्झीन ३, १,२,४-ट्रायमिथाइलबेन्झीन १. आता ओएचच्या नजरेने पाहू. दर सेकंदाला ओएच कोणाकडे किती ओढला जातो: टोल्युईनकडे १.३, झायलीनकडे १.६, ट्रायमिथाइलबेन्झीनकडे ०.७५, बेन्झीनकडे ०.०८.

तीन पीपीबी झायलीन दहा पीपीबी टोल्युईनला मागे टाकतं. आणि बेन्झीन जवळजवळ नसल्यासारखं.

आपल्या देशाच्या हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या मानकांत बारा प्रदूषकं आहेत. बेन्झीन त्यात आहे, वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम. ते योग्यच, बेन्झीनने कर्करोग होतो. ओझोनही यादीत आहे, आठ तासांना १००. पण तो ओझोन घडवणारं टोल्युईन किंवा झायलीन यादीत नाही. म्हणून त्यांना मोजण्याचं बंधन नाही, आणि मोजलेलं हाताशी नाही म्हणून माझ्यासारखीला आकडे मानून घ्यावे लागतात. हे मला मनापासून खटकतं. बेन्झीन मोजणारं यंत्र बहुधा टोल्युईन आणि झायलीनही त्याच फेरीत मोजू शकतं. शिखर समोर आलेलं असतं, फक्त लिहून ठेवायचं असतं.

तीन रन: अ‍ॅरोमॅटिक निम्मे केले, दुपारचा ओझोन उतरला. ते होते तसे ठेवून नायट्रोजनची ऑक्साइडं निम्मी केली, ओझोन *वाढला*. कारण एनओ ओझोन खातो आणि एनओटू ओएचला अडकवतो. दोन्ही कमी झाले की उरलेल्यांना मोकळं रान. ऑक्साइडं दहाव्या हिश्शावर आणल्यावर मात्र ओझोन खाली आला. मधला चढ ओलांडल्याशिवाय उतार लागत नाही. गाड्यांचा धूर कमी करताना थिनर, रंग, पेट्रोलची वाफ यांच्याकडेही त्याच वेळी पाहिलं नाही, तर काही वर्षं ओझोन चढलेला दिसेल आणि लोक म्हणतील की उपाय फसला.

१२ एप्रिल

सूक्ष्म कण. इथे उतारा हा शब्द मला घरचा वाटतो. आमच्याकडे उसाचा साखर उतारा बाराच्या आसपास असतो आणि साऱ्या गावाला तो तोंडपाठ असतो. टोल्युईनचा कणांचा उतारा म्हणजे शंभर ग्रॅम टोल्युईन उन्हात संपलं तर किती ग्रॅम कण मिळाले. कॅलटेकच्या (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) गटाने २००७ मध्ये मोजलं: नायट्रोजनची ऑक्साइडं कमी असताना बेन्झीनचा ३७, टोल्युईनचा ३०, मेटा-झायलीनचा ३६. ऑक्साइडं जास्त असताना उतारा बराच पडतो, कारण एनओ रॅडिकलला मधेच फोडून हलके तुकडे करतो.

म्हणजे ओझोनच्या हिशेबात जवळजवळ बिनमहत्त्वाचं ठरलेलं बेन्झीन इथे पहिलं येतं. सावकाश जळतं, पण राख जास्त.

आणि हे आकडेही कमीच आहेत. २०१४ मध्ये कॅलटेकमधूनच टोल्युईनवरचं काम आलं: बाष्प चेंबरच्या टेफ्लॉनच्या भिंतीत मुरतं, ते धरलं तर कणांचा उतारा चौपटीपर्यंत कमी मोजला गेलेला असू शकतो. ज्या भिंतीचा वेग मी तिप्पट करून बसले होते, ती भिंत इथे पुन्हा भेटली.

रात्रीची बाजूही डब्यात घातली. अंधार पडला की ओएच संपतो, नायट्रेट रॅडिकल जागा होतो. टोल्युईनला तो फारसा हात लावत नाही, पण उरलेलं क्रेसॉल झपाट्याने पकडतो आणि नायट्रोक्रेसॉल करतो. पिवळट पदार्थ, उन्हातला निळा भाग शोषणारे. काळ्या फिनेलचा वास रात्रीतून असा पिवळा होतो. मॉडेलमध्ये पहाटे पाचला क्रेसॉलचा रकाना जवळपास रिकामा.

२७ एप्रिल

अण्णांना फोन. मेटा-पॅराचे दोन्ही टोकांचे रन झाले होते. त्यांच्या थिनरमधलं सगळं मेटा धरलं तर ओझोन वर, सगळं पॅरा धरलं तर खाली, आणि खरं मधे कुठेतरी. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "फवारणी संध्याकाळी केली तर?"

हा रन मी केलाच नव्हता. आज केला. संध्याकाळी सहाला सोडलेलं टोल्युईन सकाळी जवळजवळ तेवढंच शिल्लक असतं, ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये नवी ऑक्साइडं मिळतात आणि ऊन वर येतं. माझ्या डब्यात दुसऱ्या दिवशीचा ओझोन फारसा हलला नाही. पण माझा डबा बंद आहे. खऱ्या गावात रात्रीचा वारा असतो, आणि रात्री हवेचा थर खाली बसलेला असतो, म्हणजे शेजारच्या घरांत नाकाशी येणारं थिनर जास्त. अण्णांना सांगितलं: वेळ बदलून ओझोनचं काही साधत नाही, शेजाऱ्यांना त्रास वाढेल. डब्याचं झाकण कामाव्यतिरिक्त लावून ठेवणं, ब्रश बंद डब्यात धुणं आणि कमी थिनर लागणारी फवारणीची गन, यांनी थेट फरक पडेल, कारण जे उडालंच नाही त्याचा ओझोन होत नाही.

"गन केवढ्याला?" त्यांनी विचारलं. दुकानात विचारून कळवणार आहे.

१३ मे, मंगळवार

पुण्यात आज शून्य सावली. कोडमध्ये तारीख टाकली: सूर्य १२ वाजून ३१ मिनिटांनी माथ्यावर, कोन जवळजवळ शून्य. फेब्रुवारीतली चूक दुरुस्त झाली नसती तर हाही बारालाच आला असता. स्वच्छ आकाश धरून एनओटूचं विघटन सेकंदाला ०.००८९. पुण्याच्या माझ्या डब्याला मिळू शकणारं हे सगळ्यात तीव्र ऊन, म्हणून अहवालात ही वरची मर्यादा म्हणून दिली.

अहवालाचा मसुदा सरांना दिला. चेंबरचा आलेख न जुळलेलाच टाकला आहे, दोन्ही रेघा, शेजारी शेजारी. शेवटच्या पानावर खतावणी. ग्लायॉक्झालपुढे मॉडेलचा आकडा, त्याच्यापुढे प्रयोगांतले २६ आणि ३९. त्याच्या पाच कार्बनच्या जोडीदारापुढे मॉडेलचा आकडा, आणि मोजलेल्याच्या रकान्यात पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह.

सरांनी ते पेनने गिरवलं आणि म्हणाले, जूनमध्ये इथून सुरू करू.